पाखराच्या पायाचा रंग

गडमुडशिंगी,
६ जुलै २०२५

धम्मपाल,

जय भीम.

फोन करू नकोस. तुझा नंबर मी ब्लॉक केलाय. परवा तुझा दोस्त यशराज घरी आला, त्याच्या फोनवरनं तू आक्काताई आत्तीला म्हणालास म्हणे, की १९ सप्टेंबरला आईचं वर्ष आहे, मी घरी येतो. आत्ती विरघळली. मी विरघळणार नाही.

तुझं तोंड लई गोड आहे, बाबा. बारावीला नापास होऊन तू गल्लीत पेढे वाटलेस. हुपरीत चांदीच्या कारखान्यात पैंजण घडवतोय म्हणून सहा महिने सांगत होतास आणि दुसऱ्याच महिन्यात तिथनं निघालेलास. आईला सगळं कळायचं, तरी ती तुझीच बाजू घ्यायची. मी तुझी थोरली बहीण असून बोलण्यात तुझ्यापुढं हरते. म्हणून काय असेल ते कागदावर लिही. कागद मला चार-चारदा वाचता येतो, आणि त्याला माझ्या गळ्यात पडून रडता येत नाही.

मला एकच विचारायचंय. गेल्या वर्षी १६ सप्टेंबरला आईला हार्टचा झटका आला आणि १९ ला दुपारी ती गेली. ते चार दिवस तू कुठं होतास? तू म्हणतोस बोटीवर, समुद्रात. बोटीच्या मालकाला मी स्वतः फोन लावला होता. तो म्हणाला, असल्या नावाचा खलाशी आमच्याकडं नव्हताच. आणि आक्काताई आत्तीनं तुला शहरात, मंगळवार पेठेत बघितलंय, स्वतःच्या डोळ्यानं. मंगळवार पेठेतनं आईचा दवाखाना चालत पंधरा मिनिटं.

समुद्रात होतास तर ये. आईच्या फोटोला हार तूच घाल. पण मंगळवार पेठेत असून जर तू आईकडं आला नसशील, तर या घराची पायरी चढू नकोस. १९ ला नको आणि कधीच नको.

दीप्ती


रत्नागिरी,
१२ जुलै २०२५

ताई,

जय भीम.

कागद लिवायला बसलो आणि हाताला घाम फुटला बघ. शाळंत निबंध पण तूच लिवून द्यायचीस की मला.

खरं सांगतो. ८ सप्टेंबरला मी घरातनं निघालो, ९ ला बोटीवर चढलो. सम्राट म्हणून एक खलाशी तापानं आजारी पडलता, त्याच्या जागी, त्याच्याच वळखीच्या कार्डावर मला घेतलं. म्हणून मालकाच्या वहीत माझं नाव न्हाय. तो न्हाय म्हणणारच. व्हय म्हणला तर त्याच्यावर केस होईल.

पहिले तीन दिवस मी नुसता ओकत हुतो. जाळं वडायला उपेगाचा न्हाय म्हणून तांडेलानं, म्हंजे बोटीच्या म्होरक्यानं, मला चुलीपाशी बसवलं. भात आन् कालवण करायचं. रेंज न्हवती. फोन असून नसल्यासारखा, चार्जिंग संपलं तसा तांडेलाच्या पेटीत टाकला. ५ ऑक्टोबरला बंदरात आलो आणि यशराजला फोन लावला तवा आई गेल्याचं कळलं. मग कुठल्या तोंडानं येणार हुतो? आत्तीनं दुसऱ्या कुणाला तरी बघितलं असंल. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन नंतर झालं न्हवं?

तू म्हणशील पुरावा दे. पुरावा न्हाय ताई. एक पाखरू तेवढं हाय.

तांडेल रोज सकाळी केबिनच्या फळीवर खडूनं रेघ मारायचा. अकरावी रेघ मारली त्या सकाळी, म्हंजे १९ तारखेलाच, जाळ्याच्या ढिगात एक बारकं काळं पाखरू सापडलं. साळुंकीपेक्षा लहान. पाय नायलॉनच्या दोऱ्यात अडकलेला, रक्त आलेलं. चौबाजूला पाणीच पाणी, किनारा चार दिवस दिसला न्हवता, आणि एवढंसं पाखरू! मी दोरा कापला, पायाला फडकं गुंडाळलं, दिवसभर पातेल्यात ठेवलं आणि दिवस मावळताना सोडलं. मी तवा हसत हुतो ताई, पाखरू उडालं म्हणून. आणि इकडं आई गेलती. ते हसणं मला वर्षभर खातंय.

धम्मा


गडमुडशिंगी,
१९ जुलै २०२५

धम्मपाल,

पत्र मिळालं. आई पाखरू होऊन भेटायला आली असं काही म्हणणार असशील तर आत्ताच सांगते, आपल्या घरात आत्मा-बित्मा चालत नाही.

पण पत्र मी फाडलं नाही. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये मी अकरा वर्षं असिस्टंट आहे, पेंढा भरलेल्या पाखरांची कपाटं पुसते, त्यामुळं पाखराचं नाव निघालं की कान टवकारतात. आमचे सयाजी सर रिटायर झाले तरी दर गुरुवारी येतात, पाखरांच्या नाव-तारखेच्या जुन्या चिठ्ठ्या बदलत बसतात. तरुणपणी ते सर्व्हेच्या जहाजावर होते. तुझं नाव न सांगता मी त्यांना विचारलं, साळुंकीपेक्षा लहान, काळं, खोल समुद्रात असतं असं काय आहे?

सरांनी चष्मा काढला. म्हणाले, "स्टॉर्म पेट्रेल. किनाऱ्यावर सहसा येत नाही ते. बघायचं तर आत खोल जावं लागतं. कोण म्हणतंय बघितलं?"

मी म्हणाले, एक माणूस आहे, खोटं बोलण्यात पटाईत.

ते म्हणाले, "मग त्याला सुचवायचं काही नाही. नुसतं विचारायचं. हातात धरलेल्या माणसालाच ठाऊक असतं असं लई काही असतं."

तर हे त्यांचे प्रश्न. चोच कशी होती? कमरेवर, शेपटीच्या वर, काही रंग होता का? शेपटीचं टोक कसं? पायाचा रंग? बोटांच्या मधला पडदा? बसायचं कसं? वास होता का? धरल्यावर काय केलं?

यशराजला विचारू नकोस, फोनवर शोधू नकोस. जसं आठवतं तसं लिही. आठवत नसेल तर तसं लिही. धम्मा, हे मी तुला शेवटचं विचारतेय.

दीप्ती


रत्नागिरी,
२५ जुलै २०२५

ताई,

परीक्षेला बसल्यागत वाटतंय. पण ही परीक्षा मला आवडली, कारण अभ्यास झालाय. ते पाखरू मी दिवसभर बघितलंय, चुलीपाशी दुसरं बघायला काय हुतं?

चोच काळी, पुढं वाकडी, आणि चोचीच्या वर एक बारीक नळी. नाकपुडी नळीत असल्यागत. मला वाटलं काय तरी रोग झालाय. आंग सगळं काळपट तपकिरी, करपलेल्या भाकरीगत. कमरंवर कायबी न्हाय. पांढरं म्हणशील तर पंख पसरल्यावर कडंला दोन-चार बारीक रेघा, बास. शेपटी मधी चिरलेली. बसायला येईना त्याला. उभंच ऱ्हाईना, गुडघ्यावर आल्यागत पोटावर सरकायचं. पाय दुखतोय म्हणून असंल, पण दुसऱ्या पायावरबी ऱ्हाईना.

धरल्या धरल्या माझ्या हातावर वकलं. नारिंगी तेल! आणि वास म्हणशील तर काय सांगू, मासळीचा न्हवं. जुन्या पेटीत बुरशी धरलेल्या कपड्याला येतो तसा, वर तेलकट. आठ दिवस हाताचा गेला न्हाय. सगळे म्हणायचे, धम्मा, तुझ्या भाताला वास मारतोय.

पाय काळे, काडीगत बारीक. बोटांच्या मधला पडदा मात्र पिवळाधम्मक. सोडताना मावळतीच्या उजेडात नीट बघितला. लई शोभून दिसत हुता.

आता सर काय म्हणतात ते लगेच लिव. १ ऑगस्टपासनं बोटी सुटत्यात. आमची सात-आठ तारखंला सुटंल. त्याच्या आधी तुझं उत्तर आलं तर हलकं मन घेऊन जाईन.

धम्मा


गडमुडशिंगी,
३ ऑगस्ट २०२५

धम्मपाल,

मन घेऊन जा, नाहीतर टाकून जा. तुझं तू बघ.

गुरुवारी तुझं पत्र मी सरांना वाचून दाखवलं. नळीचं वाचलं तशी सरांनी मान हलवली. नारिंगी तेल वाचलं तसे ते खुर्चीत पुढं सरकले. वासाचं वाचलं तेव्हा म्हणाले, "दीप्ती, हा माणूस खरं बोलतोय." अकरा वर्षांत त्यांच्यासमोर मी कधी रडले नव्हते. मी सांगून टाकलं, सर, हा माझा भाऊ आहे.

आणि मग पाय वाचले.

सरांनी कपाटातनं पुस्तक काढून दोन चित्रं समोर ठेवली. बोटांच्या मध्ये पिवळा पडदा असलेली जात आहे, विल्सन्स म्हणतात तिला. पण तिच्या कमरेवर असा पांढराफेक पट्टा असतो, की लांबनंसुद्धा दिसतो. आणि कमरेवर पट्टा नसलेली, चिरलेल्या शेपटीची काळी जात आहे, स्विन्होज. तिचे पाय पडद्यासकट काळे. सर म्हणाले, "बाई, पट्टा नाही आणि पडदा पिवळा, असं पाखरू आपल्या समुद्रात नाही. दोन चित्रं बघून कुणीतरी एक केलंय."

कुणीतरी! त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, माझ्याकडं बघून. त्या सभ्यपणानंच मला जास्त लागलं.

फोनवर शोधलंस ना? शोधू नकोस म्हणून मी लिहिलं होतं तरी. आईच्या मरणाच्या दिवसाचं सुद्धा तुला सोंग करता आलं.

एक गोष्ट तुला सांगायची नव्हती, आता सांगते. दवाखान्यात मी आईच्या उशाशी बसून दर तासाला तुला फोन लावत होते. तिसऱ्या दिवशी आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "नको लावूस, दीपे. लागायचा न्हाय त्याचा." तोंडावर काही नाही, राग नाही, रडणं नाही. ऐकलंस? जिनं आयुष्यभर तुझ्यावर पांघरूण घातलं, तिनंसुद्धा मरताना तुझी आशा सोडली होती. वर्षभर मी हेच घेऊन झोपते.

१९ ला येऊ नकोस.

दीप्ती


गडमुडशिंगी,
२१ ऑगस्ट २०२५

धम्मा,

तुझं उत्तर नाही. नको होतं मला, तरी पोस्टमनची वाट बघते.

चार दिवस टीव्हीवर सारखं दाखवतायत, समुद्र खवळलाय, बोटींनी परत फिरा. काही बोटी अजून लागल्या नाहीत म्हणतात. नावं सांगत नाहीत. तुझा नंबर ब्लॉकमधनं काढला आणि लावला, लागत नाही. यशराजलाही काही ठाऊक नाही. मालक फोन उचलत नाही.

काल वाऱ्यानं खिडकी आपटली आणि भिंतीवरचा आईचा फोटो खाली पडला. काच फुटली. मी अपशकुन मानत नाही. आक्काताई आत्ती मानते, ती दिवसभर जेवली नाही. मीही जेवले नाही, पण ते वेगळ्या कारणानं.

पाखराचं राहू दे. खरं काय, खोटं काय, राहू दे सगळं. बोट लागली का तेवढं कळव.

दीप्ती


रत्नागिरी,
२८ ऑगस्ट २०२५

ताई,

बोट लागली. हातपाय शाबूत हायत. वारं सुटलं तसं आम्ही दुसऱ्याच बंदरात शिरलो, आठ दिवस तिथंच अडकलो, फोन भिजून गेला. काल हितं आलो तर तुझी दोन पत्रं एकदम हातात. पहिलं वाचलं आणि वाटलं बुडालो असतो तर बरं झालं असतं. मग दुसरं वाचलं.

राग आला मला. लई आला. मी खोटारडा हाय, कबूल. पण पिवळा पडदा मी बघितलाय! ह्या डोळ्यांनी! रात्रभर डोक्यात तेच, पट्टा न्हाय, पडदा पिवळा, मग असं पाखरू जगात न्हाय कसं? सकाळी पेटीतलं ते फडकं काढलं, ज्यात त्याचा पाय गुंडाळला हुता. आणि ताई, त्याची घडी उलगडली.

फडकं आतल्या बाजूनं पिवळंच हाय. हळदीचं हाय ते.

आता तुला सांगावं लागणार. आईला वचन दिलतं की दीप्तीला सांगणार न्हाय, म्हणून पहिल्या पत्रात नुसतं 'फडकं' लिवलं आणि पुढं गेलो. ८ सप्टेंबरला मी घरातनं पळून गेलो न्हवतो. आईला सांगून गेलतो. ती म्हणली, "जा. पण दीपीला आत्ता सांगू नगं, ती वरडंल, तुला जाऊ द्यायची न्हाय. पैल्या फेरीतनं आलास की मग मी सांगती." आणि तिनं तिच्या जांभळ्या साडीचा कोपरा टरकावला, त्यात घरची हळद बांधली आणि माझ्या पिशवीत घातली. दोरानं हात कापला तर लावायला. आपल्याकडं खरचटलं, भाजलं, कापलं, दुसरं औषध हुतंच कुठं? तू सायकलवरनं पडलीस तवा तुझा गुडघा आठ दिवस पिवळा हुता बघ.

बोट हलत हुती, पुडीची गाठ आधीच सुटून हळद सांडून संपलीती. पाखराच्या पायाला रक्त बघितलं, हाताशी तेच रिकामं फडकं हुतं, वलं झालेलं, ते गुंडाळलं. सकाळी पाय नीट बघितलाच न्हाय, पडद्याकडं कोण बघतंय? संध्याकाळी सोडलं तर पडदा पिवळा, वल्या हळदीचा थर त्याच्या घडीत बसलेला. दुसरा पायबी त्याच फडक्यात घुसळून पिवळा झालेला. मला वाटलं त्याचा रंगच तसला. एवढा मी शाणा.

फडकं रजिस्टरनं पाठवतोय. मी ते धुतलं न्हाय, आईच्या हातचं म्हणून. सरांना दाव, न्हायतर चुलीत घाल.

आणि आईनं माझी आशा सोडली न्हवती, ताई. तिला ठाऊक हुतं मी पाण्यात हाय. मी निघताना तिला सांगितलं हुतं, तिकडं फोन लागत न्हाय, काळजी करू नगं.

धम्मा


गडमुडशिंगी,
४ सप्टेंबर २०२५

धम्मा,

तुझ्या पत्राची शेवटची ओळ मी किती वेळा वाचली सांगू शकत नाही. वर्षभर मी जिला हरलेली समजत होते, ती मला नुसतं सांगत होती. लागायचा न्हाय त्याचा. खरंच लागणार नव्हता. एवढंच म्हणत होती ती, आणि वचन पाळत होती. तुझं गुपित तिनं त्या अवस्थेतसुद्धा फोडलं नाही, काय बाई होती!

थांब, नीट सांगते.

रजिस्टर बुधवारी आलं. पाकीट फोडलं आणि खोलीभर वास. जुनी पेटी, बुरशी, तेल. तू लिहिलं होतंस तसाच, एक वर्षानंतर. मी ट्रंक उघडली. आईची जांभळी साडी तळाशी होती. कोपरा गेलेला मला ठाऊक होता, उंदरानं कुरतडला म्हणून मी गेल्या दिवाळीला ट्रंकेत गोळ्या टाकल्या होत्या. तुझं फडकं तिथं लावून बघितलं. धाग्याला धागा लागला.

आज गुरुवार, फडकं लॅबमध्ये नेलं. सयाजी सर चिठ्ठ्या लिहीत होते, पाठमोरे. मी ते नुसतं टेबलावर ठेवलं. त्यांचं पेन थांबलं. वळायच्या आधीच म्हणाले, "हे कुठनं आलं?" मग फडकं नाकाशी धरलं. म्हणाले, "चाळीस वर्षं झाली हा वास घेऊन. कपाटात ठेवलेल्या पाखराचासुद्धा जात नाही हा. पुस्तकात चित्र मिळतं, हे नाही मिळत."

घडीत हळदीला चिकटलेलं एक बारीक पीस निघालं, काळपट. त्यांनी ते भिंगाखाली धरलं. एवढ्याशा पिसावरनं जात छातीठोक सांगता येत नाही म्हणाले, पण कमरेवर पांढरं नाही, शेपटी चिरलेली, आणि पिवळा रंग कुणाचा ते आता कळलं, तर त्यांच्या मते ते स्विन्होजच. मग हसायला लागले. "माझ्या पुस्तकात हळद नव्हती," म्हणाले. "तुझ्या भावाची माफी माग माझ्या वतीनं." पीस त्यांनी मागितलं, मी दिलं. फडकं मागितलं, ते दिलं नाही.

म्हणजे १९ तारखेला तू समुद्रात होतास. मानलं. मनापासून मानलं.

पण आता मला जास्त भीती वाटतेय, धम्मा. कारण आक्काताई आत्ती अजून हलत नाही. काल परत विचारलं, तर केवढ्यांदा ओरडली, "आगं, माझ्या अंगाखांद्यावर वाढल्यालं पोर त्ये! मोतीबिंदू झाला म्हणून काय म्या त्याला वळखणार न्हाय व्हय? मंगळवार पेठंत हुता, पाठीला पिशवी हुती, माज्याकडं बघून वळला आन् गेला!" ती खोटं बोलत नाही. तू समुद्रात होतास तर ती कुणाला बघत होती? आणि तूच होतास तर कधी?

पाखराचं खरं निघालं. हेही खरं सांग. या वेळी आईला दिलेलं वचन मध्ये नाही.

ताई


रत्नागिरी,
९ सप्टेंबर २०२५

ताई,

आत्ती बरोबर हाय. मीच हुतो.

५ ऑक्टोबर खोटं. बोट २३ सप्टेंबरलाच लागली. तांडेलाच्या पेटीतनं फोन घेतला तर दमट हवेनं सुरूच होईना. २४ ला पहाटेची एसटी धरली. मी खुशीत हुतो. आईसाठी सुका बांगडा घेतलता, तुझ्यासाठी शिंपल्याची माळ. तुला आईनं सांगितलं असंल, तू वरडशील, मग हसशील, असं सगळं ठरवून आलतो.

स्टँडवर उतरलो आणि चालत मंगळवार पेठेतनं निघालो, यशराजला भेटून गाडीवरनं घरी यायचं म्हणून. फोटो फ्रेमचं दुकान हाय बघ तिथं. त्यातनं आत्ती बाहेर आली. काखेत चौकट हुती, कागद गुंडाळलेला, वारं आलं आणि कागद वर झाला. आत आई हुती. तो फोटो तूच काढलास न्हवं, विहाराच्या दारातला, पांढऱ्या साडीतला? खाली जन्मतारीख हुती आणि दुसरी तारीख हुती.

असं कळलं मला. कुणी सांगितलं न्हाय ताई. दुकानातनं बाहेर आली आई.

आत्तीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर काय हुतं मी सांगू शकत न्हाय. मला वाटलं, आता घरात जायचं म्हंजे तुझ्या समोर उभं ऱ्हायचं. वळलो. स्टँडवर आलो, आली ती गाडी धरली. बांगडा आणि माळ बाकड्यावरच ऱ्हायली.

यशराजकडनं कळलं, ५ ऑक्टोबर, ते सगळं नंतर रचलं. समुद्रात असल्याची लाज न्हवती. दारापातुर येऊन पळालो, ती लाज हुती. तू विचारलं हुतंस मंगळवार पेठेत हुतास का. हुतो. आता तूच ठरव, तुझ्या त्या अटीत मी बसतो का न्हाय. १९ ला नगं म्हणलीस तर येणार न्हाय.

धम्मा


गडमुडशिंगी,
१३ सप्टेंबर २०२५

धम्मा,

काल तुझं पत्र आलं. आक्काताई आत्ती पालेभाजी निवडत होती. मी विचारलं, आत्ती, त्या दिवशी तू मंगळवार पेठेत कशाला गेलतीस? म्हणाली, "कशाला म्हंजे? तुझ्या आईच्या फोटूची चौकट आणाया!"

वर्षभर मी तिला कुठं बघितलंस एवढंच विचारलं, कशाला गेलतीस ते कधी विचारलंच नाही. आत्ती दवाखान्याच्या दिवसांत औषधाला पेठेत जायची, म्हणून मी धरूनच चालले की तेव्हाचंच. जिवंत माणसाच्या फोटोला कुणी दुसरी तारीख घालतं का? एवढं साधं. लॅबमध्ये दिवसभर चिठ्ठ्या लावणारी मी, आणि माझ्या भावाची तारीख मी चुकीची लावली.

तू बसत नाहीस त्यात. आई असताना तू तिथं नव्हतास.

आणि तूही ऐक. त्या दिवशी तू घरी आला असतास तर मी तुला उंबऱ्यावर थोबाडीत मारली असती आणि दार लावलं असतं. तू मला ओळखतोस म्हणूनच वळलास. त्यात निम्मी चूक माझी आहे. निम्मीच हं, सगळी घेणार नाही.

आईच्या फोटोची काच अजून तशीच फुटकी आहे. मुद्दाम दुरुस्त केली नाही, का ते मला आत्ता कळतंय. फोटो आज त्याच दुकानात देऊन आले. नवीन काच १८ ला दुपारी मिळणार आहे. तू १८ लाच ये. एसटीतनं उतरून चालत मंगळवार पेठेत ये, मी फ्रेमच्या दुकानासमोर उभी राहते. आईला आपण दोघं मिळून घरी आणू. चौकट तू धर.

तुझा फोन भिजलाय म्हणून हे लिहिलं. एरवी फोनच केला असता.

माझ्याकडं बघून या वेळी वळू नकोस, धम्मा. मी मागनं पळत येईन, आणि पेठेतल्या लोकांना फुकटचा तमाशा होईल.

ताई